हिंदुरावाची नऊ मिनिटं

निरवांगीच्या बिरदेव ब्रास बँडात हिंदुराव क्लॅरनेट वाजवायचा, आणि वाजवता वाजवता भरकटायचा. हा त्याचा दोष अख्ख्या इंदापूर तालुक्याला ठाऊक होता. वरात ऐन रंगात आलेली असावी, वीस माणसं एकच चाल वाजवीत असावीत, आणि या बाबाला मध्येच काहीतरी सुचावं. मग चाल राहिली बाजूला, क्लॅरनेट निघालं रानोमाळ. पळसदेवच्या एका लग्नात त्यानं असा काही सूर लावला की नवरीच्या मामानं धावत येऊन विचारलं, "आवो, कोन गेलं का काय?"

बँड तात्याबा मास्तरांचा. हिंदुरावाच्या बापानं मेंढरं विकून शेती धरली त्या साली मास्तरांनी या पोराला आपल्याकडं ठेवून घेतलं, एकेक बोट धरून क्लॅरनेटच्या भोकांवर ठेवलं. हिंदुराव त्यांना बापाच्या जागी मानायचा, आणि शिव्याही बापाच्याच खायचा. "बँड म्हंजी समद्यांनी एक व्हनं," मास्तर म्हणायचे. "तुला एकट्याला वाजवायचं आसंल तर जा की डोंगरावर." हिंदुराव मान खाली घालून ऐकायचा. पुढच्या वरातीत पुन्हा तेच करायचा. पंचवीस वर्षं हे चाललं.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यावर ओमोंडी आला. हा केनियाचा. त्यांच्याकडंही ऊस, त्यांच्याकडंही कारखाने; पुण्याला साखरेचं शिक्षण घेत होता आणि एका हंगामापुरता इकडं धाडलेला. पंधरा दिवस लोकांनी त्याला टक लावून पाहिलं. सोळाव्या दिवशी आमची ऊसतोड कधी येणार म्हणून त्यालाच विचारायला लागले, आणि ओमोंडीचा ओमोंडीराव झाला.

एका लग्नात त्यानं हिंदुरावाला भरकटताना ऐकलं. मास्तर डोळे वटारत होते, वऱ्हाडी हसत होते, आणि हा लांबडा गडी जेवण टाकून वरातीच्या टोकापर्यंत क्लॅरनेटला चिकटून चालला. दुसऱ्या दिवशी सायकल मारत निरवांगीला आला आणि त्यानं खिशातून एक कॅसेट काढली. कुठल्याशा परदेशी बँडानं लोकांसमोर वाजवलेलं होतं ते. मधूनच टाळ्या, शिट्ट्या, कुणाचं तरी ओरडणं. खाली आफ्रिकेचे ढोल पाय रोवून उभे, आणि वर पंधरा-वीस ट्रंपेट-सॅक्सोफोन मनाला येईल तिकडं निघालेले. रात्री मेंढरांभोवती लावलेली वाघरीची जाळी सकाळी उचलली की ती चहूकडं पांगतात आणि तरी कळप मोडत नाही, तसं काहीसं. हिंदुरावाच्या घराण्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यानं ती कॅसेट तीनदा ऐकली. पंचवीस वर्षं ज्या गोष्टीसाठी शिव्या खाल्ल्या, तिला जगात नाव होतं. "फ्री जॅझ," ओमोंडी म्हणाला, आणि मग आपल्या मोडक्या हिंदीत, "तुम गलत नहीं बजाता. तुम अकेला बजाता." हिंदुराव बायकोच्या देखत घळाघळा रडला. ठमाबाईला काही कळेना. तिनं आपला पाहुण्यासाठी पुन्हा चहा टाकला.

मग दोघांच्या डोक्यात एकच खूळ शिरलं. हंगामाच्या सांगतेला कारखान्यावर कार्यक्रम असतो, तिथं बिरदेव बँड वाजवायचा, गावातल्या धनगरांचे चार गजी ढोल घ्यायचे, ओमोंडीचे ढोलवाले तीन मित्र पुण्याहून आणायचे, आणि तशीच एक कॅसेट करायची. मास्तर आधी "न्हाय" म्हणाले. मग बारामतीचा रणजित, ज्याचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं, मशीन घेऊन यायला तयार झाला आणि आपल्या बँडाची कॅसेट निघणार म्हटल्यावर मास्तरही वितळले.

मार्च महिन्यात, संध्याकाळी पाच वाजता, बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडांच्या, ढिगाऱ्याशेजारी मंडप टाकून सत्तावीस माणसं वाजवायला बसली. गजी ढोलांनी आपला ठेका धरला, आफ्रिकेचे ढोल त्यात शिरले, आणि थोड्या वेळानं कुठला ढोल कुणाचा हे सांगता येईना. बँडानं चाल उचलली. आणि हिंदुराव सुटला. मास्तरांनी हात वर केला तेव्हा त्याला वाटलं, आता शिवी येणार, पण तो हात त्याला थांबवायला नव्हता. मास्तरांनी बाकीच्यांना थांबवलं होतं. खाली नुसते ढोल, वर एकटं क्लॅरनेट. मग एक ट्रंपेट भीत भीत त्याच्यामागं गेली, मग सॅक्सोफोन, मग जो तो. नऊ मिनिटं. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. संपल्यावर मास्तरांनी सगळ्यांसमोर त्याला कवटाळलं. "माझ्या शिकवन्याचं चीज झालं रं," म्हणाले. हिंदुराव तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता, आणि हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच ऐकलं.

मे महिन्यात ओमोंडी परत गेला. जाताना पत्ता देऊन गेला: कॅसेट निघाली की धाडायची, तो तिकडं वाजवणाऱ्यांना ऐकवणार होता. हिंदुरावाला आता जगात एवढीच एक गोष्ट हवी होती. ती नऊ मिनिटं केनियाला पोचायला हवी होती.

दिवाळीला कॅसेट निघाली. वर मास्तरांचा फेटा बांधलेला फोटो. हिंदुरावानं शेजारपाजार गोळा केला, टेप अंगणात आणून ठेवला. ढोल वाजले, चाल आली, आणि चाल संपताच एकदम टाळ्या. त्याला वाटलं, पुढं असेल. पुढं दुसरी चाल होती. त्यानं बाजू पालटली, परत पालटली.

"आवो, फीत गुतली आसंल," ठमाबाई म्हणाली.

फीत गुंतली नव्हती. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो बारामतीला गेला आणि रणजितच्या दुकानात शिरताच त्याची गचांडी धरली. रणजित बिचारा खरं बोलणारा माणूस.

"माझ्यावर कशापायी चिडताय? मास्तर सोता हितं बसलं व्हतं. हितनं तितवर काप म्हनलं, मी कापलं."

"मग मूळची फीत कुठं हाय?"

"मी म्हनलं व्हतं, ठिवतो. मास्तर म्हनलं, नगं, तिच्यावर दुसरं भर. म्या तिच्यावर एका वास्तुशांतीचं भरलंय."

परतीच्या एसटीत हिंदुरावाला बसायला जागा होती, तरी तो उभाच राहिला. दुसऱ्या कुणी कापलं असतं तर तो भांडला असता, मोकळा झाला असता. इथं ज्या हातांनी कवटाळलं त्याच हातांनी गळा कापला होता.

मास्तर आपल्या घराच्या ओट्यावर बसून ट्रंपेट पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"लोकं कॅसेट ऐकून सुपारी देत्यात, हिंदुराव. आसलं वेडंवाकडं ऐकून लगनाला कोन बोलवंल?"

"बरं. मग मूळची का पुसाय लावली? ती लगनात कोन ऐकनार व्हतं?"

मास्तरांचा फडक्याचा हात थांबला. मग हळू आवाजात म्हणाले, "चाळीस वर्सं बँड वढला म्या. त्या दिवशी लोकं तुझ्यासाठी हुबी ऱ्हायली. माझ्यासाठी कवा एक मानूस हुबं ऱ्हायलं न्हाय."

हिंदुरावाला ते पटलं. पटलं म्हणूनच जास्त झोंबलं. तो तसाच घरी आला.

जानेवारीत ओमोंडीचं पत्र आलं. हायस्कुलातल्या इंग्रजीच्या मास्तरीणबाईंनी वाचून दाखवलं: कॅसेट कधी येते? इथं सगळे विचारतात. हिंदुरावानं पत्र घडी करून कनवटीला लावलं. उत्तर काय लिहायचं? फेटेवाल्या फोटोची कॅसेट धाडली असती तर तो माणूस म्हणाला असता, तू कुठं आहेस यात? उत्तर गेलं नाही, मग तिकडूनही पत्र येईना.

बँड मात्र त्यानं सोडला नाही. ठमाबाई म्हणाली, सोडा, दुसऱ्या बँडात जावा. त्याला ते जमलं नाही. बाप वाईट निघाला म्हणून कुणी दुसरा करतं का, असं काहीतरी तो पुटपुटला.

त्या उन्हाळ्यात कारखान्याच्या चीफ केमिस्टच्या मुलीचं लग्न बारामतीला होतं. हे साहेब आदल्या सालच्या मार्चमध्ये त्या मंडपात खुर्चीवर उभे राहिलेल्यांपैकी. वरात निघताना पाहुण्यांना मागं सारून ते मास्तरांजवळ आले. "मास्तर, ते वाजवा. कारखान्यावरचं ते. मी पाहुण्यांना वर्षभर सांगतोय, कुणी विश्वास ठेवत नाही. तुमची कॅसेट घेतली तर त्यात ते नाहीच!"

सगळ्यांच्या नजरा बँडाकडं. मास्तर हिंदुरावाकडं वळले. पंचवीस-सव्वीस वर्षांत त्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं नव्हतं. त्या नजरेत विनवणी होती.

"वाजीव रं गड्या," ते म्हणाले. "तुला पायजे तेवढं वाजीव. मी थांबवतो समद्यांना."

हिंदुरावानं क्लॅरनेटची पत्ती ओठांनी ओली केली. वाजवावं असं त्याला वाटलं, खरंच वाटलं; बोटं आपोआप भोकांवर गेली होती.

"जे कॅसेटात न्हाय," तो म्हणाला, "ते मला येत न्हाय, मास्तर."

साहेबांना वाटलं, गंमत करतोय. ते मोठ्यानं हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी कसाबसा इशारा केला आणि बँडानं नेहमीची चाल उचलली. भिगवण रस्त्यापासून मांडवापर्यंत हिंदुराव तीच चाल वाजवत गेला, मास्तरांनी बोटं धरून शिकवली होती तशी, एकही सूर इकडंतिकडं न करता.