वैशूताईचा पांढरा रकाना

वैशूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ तपासत होतो. तिचा धाकटा भाऊ नितीन एवढंच म्हणाला, "रक्त भेटलं रे, पण..." बी निगेटिव्हची पिशवी नागपूरहून निघाली होती. ती वाटेतल्या सेलूपर्यंतच पोचली होती.

बोरगाव मेघेत आमची घरं समोरासमोर. ताईला जन्मापासून सिकलसेल. दर काही आठवड्यांनी रक्त लागायचं आणि गट दुर्मीळ. एका दुकानात ती संगणकावर हिशेब बघायची. माझ्या घरात वडिलांच्या काळापासून चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे. रक्त हा उपकार नव्हे, हक्क आहे, असं मीही एकदा छापून वाटलं होतं. ते वाचून ती म्हणाली, "अबे, तुयं पत्रक चांगलं हाय. पण मले बुधवारी कोण रक्त देते, ते यात कुठी लिवलं हाय?"

उत्तर तिनंच तयार केलं. या गटाच्या ओळखीच्या वीसेक रक्तदात्यांची यादी, प्रत्येकापुढे शेवटचं रक्त दिल्याची तारीख. पवनारच्या एका शाळकरी मुलीलाही हाच गट लागतो, म्हणून यादी दोघींसाठी. एकदा दिलं की पुरुषाला तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार. ज्यांची मुदत संपली त्यांनाच क्रमांक पडावा, सर्वांत आधी दिलेल्याला पहिला, आणि बाकीच्यांसमोर जागा कोरी राहावी, असं तिला हवं होतं. आधी तिनं सगळ्यांना क्रमांक देऊन नको ते पुसले, तर एकनंतर चार, चारनंतर नऊ... मग तिनं तारखेच्या अटीवर यादीचे दोन भाग केले, एकाच भागाला क्रमांक घातले आणि दोन्ही पुन्हा जोडले. फाईल उघडून रिफ्रेश केलं की त्या दिवसाच्या तारखेनुसार क्रमांक आपोआप लागायचे. एकाच भल्या माणसाला सारखा त्रास होऊ नये, यासाठी हा सगळा खटाटोप.

मग एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला. आमच्या गल्लीतल्या मंडळानं शिबिर ठेवलं. मांडव, फलक, प्रत्येक रक्तदात्याला हेल्मेट. ताई स्वतः मंडळाच्या सचिनकडे गेली. आपल्या यादीतल्यांना एकाच दिवशी बोलावू नका, रक्ताची पिशवी जेमतेम महिनाभर टिकते, पुढचे दोन महिने आम्ही कोणाकडे बघायचं, असं तिनं समजावलं. सचिननं तिला कितीदा तरी रक्त दिलं होतं. तो म्हणाला, "ताई, वाढदिवस एकाच दिवशी येते ना." ती हसली. काय करणार होती...

शिबिर झालं त्या संध्याकाळी तिनं मला बोलावलं. नव्या तारखा भरून झाल्या होत्या; मुदत न संपलेल्यांनीही आधीची तारीख न सांगता रक्त दिलं होतं. तिनं रिफ्रेश केलं आणि क्रमांकाचा रकाना वरपासून खालपर्यंत पांढरा झाला. मी भडकलो. पुढाऱ्यांना, फलकांना, फोटोंना शिव्या घालत राहिलो. ती म्हणाली, "ओरडू नोको बे. तीन महिने मी आजारी पडत नाई, बस." दोनदा नागपूरहून रक्त मिळालं. तिसऱ्या महिन्यात तिला ताप भरला.

पवनारच्या मुलीसाठी यादी चालू राहावी म्हणून नितीननं ताईचा लॅपटॉप माझ्याकडे दिला. काही आठवड्यांनी यादीतल्या बायकांचीही चार महिन्यांची मुदत संपली. मी फाईल उघडली. रकाना भरला होता... एकापासून शेवटपर्यंत, एकही जागा कोरी नाही. ती असताना तो असा भरलेला मी कधी पाहिला नव्हता.

त्याच आठवड्यात सचिन आला. ताईच्या स्मरणार्थ रविवारी शिबिर, पत्रक मी लिहावं. मी लॅपटॉप उघडून त्याला रकाना दाखवला. महिन्याला चार-चार जणांना बोलाव, म्हणालो. त्याचे डोळे भरून आले. "ताईच्या नावानं हाय. मंग चार-चार लोक बोलवू? बरं दिसते का ते?" मी लॅपटॉप मिटला. मी पत्रक लिहिलं नाही. दुसऱ्या कोणी लिहिलं, वर तिचा हसरा फोटो.

रविवारी सगळे आले. यादीतला एकही चुकला नाही. कोणी हिंगणीहून, कोणी कामावरची सुट्टी टाकून. संध्याकाळी मी तिच्याच लॅपटॉपसमोर बसून एकेकाची नवी तारीख भरली. त्या पिशव्या महिनाभर टिकतील. पवनारच्या मुलीला त्यानंतरही रक्त लागणार आहे.

मी रिफ्रेश केलं. रकाना पांढरा झाला.