साबण काळा होईपर्यंत

टक्क झालं आणि पोरीचा पाय कठड्याबाहेर. तिसरा माळा, खाली फरशी, माझ्या हातात दुधाची पिशवी. पिशवी टाकली, फ्रॉक धरला, ओढली आत. ती हसतेय. दीड वर्षाची पोर, नुसती टेकली हो! गॅलरीच्या कठड्याची फट झाकायला लावलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, जिथे वाकवलेला तिथेच फाटला.

वाकवणारे कोण? आमचे हे. गॅलरीच्या टोकाला पत्रा आवळून धरायचा एक वाईस ठोकलाय, दोन हातोड्या टांगल्यात, त्याला म्हणायचं ‘माझं वर्कशॉप’. लालबागच्या भंगारवाल्याने पत्रा देतानाच मला सांगितलेलं, “भाभी, कडक माल है, ठंडा मोडोगे तो टूटेगा. साबुन घिसो, गरम करो, साबुन काला हुआ के बस.” मी घरी सांगितलं तर हे हसले. “साबण तू धुण्याला लाव. पत्र्याचं मी बघतो.” मग वाईसमध्ये धरून दणादण! कोपरा कसा धारदार पायजे, प्रदर्शनात ठेवायचाय ना. मी आठवी नापास, माझं कोण ऐकतंय.

संध्याकाळी फाटका पत्रा दाखवला, तर म्हणे, “हिने लाथ मारली असणार.”

“लाथ? हिच्या पायात अजून चप्पल टिकत नाय!”

दुसऱ्या दिवशी हे ड्यूटीवर गेले आणि मी उरलेल्या पत्र्याची पट्टी घेतली. साबण घासला, चिमट्याने गॅसवर धरली. साबण तपकिरी झाला, मग काळा. गॅस बंद. निवल्यावर लाटण्याभोवती दाबली. वळली की मुकाट! एक चीर नाय. फाटलेल्या उजव्या बाजूला बसवली.

ह्यांनी येऊन हलवून बघितली आणि शेजारच्या काकांना सांगतात, “जरा हात फिरवला मी.” फिरवला!

पण डावा कोपरा अजून ह्यांच्याच हातचा. नख फिरवलं तर केसाएवढी चीर लागली. ह्यांना सांगितलं.

“तो उघडलास तर बघ. अख्खी चाळ हसेल मला.”

म्हणजे पोर पडली तर चालेल, ह्यांचं हसं नाय झालं पायजे. सकाळी हे जिना उतरले, मी पोरीला ओढणीने पलंगाच्या पायाला बांधलं, पाना घेतला आणि डावा कोपरा उघडला. तेवढ्यात शेजारच्या काकी बाहेर आल्या, “काय गं, काल तर नवऱ्याने नीट केला ना?”

पाना हातात, पोर आत रडतेय. तुम्ही काय सांगितलं असतं?