नकाशावर ठेवलेलं बोट

समुद्रातली शेवंड पकडणाऱ्याला काहीही विचारा, बायकोशी का भांडलास तेही सांगेल. पिंजरे कुठे सोडतोस, एवढं मात्र विचारू नये. त्यातही ज्याला सगळे गुपचूप म्हणत, त्याची तऱ्हाच न्यारी. चौतीस वर्षं बोटीवर काढली, पण त्याची जागा घरातही कुणाला ठाऊक नव्हती.

ती होती किनाऱ्याजवळची उथळ खाडी. तिथे शेवाळाशिवाय काही नाही, असं सगळं बंदर धरून चाले. इतर बोटी खोल पाण्याकडे गेल्या की हा हळूच मागे वळायचा. पिंजऱ्यांवर तरंगती खूणही बांधायचा नाही. खडकांच्या अंदाजाने पाण्यात लोखंडी आकडा फिरवून पिंजऱ्याचा दोर वर काढायचा.

मग मत्स्य खात्याच्या पाहणीवाल्या बाई आल्या. लिलावाच्या शेडमध्ये टेबल मांडून एकेकाला विचारू लागल्या: पिंजरे किती, पाण्यात किती दिवस ठेवता, आमिष कसलं. शेवटी नकाशावर बोट ठेवून जागा दाखवायची आणि सही करायची. गुपचूपच्या मागे त्याचा मेहुणा मान लांब करून उभा होता. गुपचूपने सरळ दीपस्तंभापलीकडच्या खोल पाण्यावर बोट ठेवलं. तिकडे तो जन्मात फिरकला नव्हता.

बाकीचेही काही कमी नव्हते. खरी जागा लपवायची, तर जिथे काहीच मिळत नाही ती दाखवावी, एवढी अक्कल सगळ्यांनाच होती. एकेचाळीस जणांनी उथळ खाडी दाखवली.

दोन महिन्यांनी शेडच्या दारावर नोटीस लागली. उथळ खाडीत बेसुमार पकड होत असल्याने ती तीन वर्षं बंद. बंदर पोट धरून हसलं. मेहुणा म्हणाला, "दाजी, खात्याने शेवाळाला संरक्षण दिलं बघा."

गुपचूपही हसला. मग त्याने तडक खात्याचं कार्यालय गाठलं आणि खाडी बंद करू नका म्हणून बाईंना विनवलं. बाईंनी त्याचा कागद शोधून काढला.

"काका, तुम्ही तर तिथे जातच नाही. ही तुमचीच सही ना?"

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात परवान्याच्या कामाला आलेला मेहुणा बाकावरून कान टवकारताना दिसला.

"माझं काही नाही हो," गुपचूप म्हणाला, "या बाकीच्यांसाठी जीव तुटला, म्हणून आलो."

दुसऱ्या दिवशी त्याची बोट पहिल्यांदाच मागे न वळता इतरांच्या मागोमाग खोल पाण्याकडे निघाली. दीपस्तंभ यायच्या आत त्याला दोन उलट्या झाल्या.