तीन वाजता गप्प होणाऱ्या टाक्या

बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५. नळाला पाणी साडेसहाला, जेमतेम वीस मिनिटे. शेवग्याला फुले आली. वरच्या खोलीतली प्रियदर्शिनी न जेवता झोपली. कंपनीतले तिचे नेटवर्क आजही दुपारी तीनला बंद पडले म्हणे. मागच्या खोलीचे हैबती शनिवारनंतर खोली सोडू म्हणतात. कारण विचारले, तर ‘गुडघे’ एवढेच म्हणाले.

ही नोंद नीलाबाईंच्या रोजच्या वहीतली. बिरवाडीला त्यांच्या घरातली ती मागची खोली एकोणीस वर्षे हैबतींकडे होती. त्यांचे गाव पोलादपूरच्या डोंगरातली एक वाडी. बायको राहीबाई तिथे शेत आणि शेळ्या सांभाळायची, आणि हैबती इथल्या एका रसायन कारखान्यात टाक्यांवर होते. दर दोन तासांनी सात टाक्यांच्या शिड्या चढायच्या, आतले माप घ्यायचे, चिठ्ठीवर आकडा लिहून कंट्रोल रूममध्ये पोचवायचा, हे त्यांचे काम. ठिणगीच्या भीतीने टाक्यांपाशी मोबाइल न्यायला बंदी होती. आणि नेऊनही काय व्हायचे होते? पाळी सुटली की सारी बिरवाडी फोनवर, आणि टॉवरचा जीव गुदमरलेला.

गेल्या वर्षापासून हैबतींचे गुडघे बोलू लागले. महाडच्या डॉक्टरांनी सांगितले, शिडी बंद. निवृत्तीला तर दोन वर्षे बाकी. तेवढ्यात कंपनीने स्वतःचे वायरलेस नेटवर्क घ्यायचे ठरवले. कुंपणाच्या आतच चालणारे, सिमकार्डेसुद्धा कंपनीचीच. टाकीवरचे यंत्र माप घेणार आणि दर मिनिटाला आकडा कंट्रोल रूमच्या पडद्यावर पाठवणार. मॅनेजर म्हणाले, “शनिवारपर्यंत हे नीट चाललं तर पडद्यासमोर तुम्ही बसा, हैबती. टाक्या तुमच्याइतक्या कोणाला कळतात? नाही चाललं तर सामान परत, आणि आपली शिडी आहेच.”

शिडी म्हणजे राजीनामा, हे हैबतींनी मनाशी पक्के केले होते. यंत्र आले की नोकरी जाईल म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात. या माणसाने यंत्र चालावे म्हणून वाडीच्या देवीला नारळ बोलला होता. पण देवी काही मनावर घेईना. पाच, सहा आणि सात नंबरच्या टाक्या रोज तीन वाजता गप्प व्हायच्या, आणि साडेचारच्या सुमारास आपोआप बोलू लागायच्या.

गुरुवारी सकाळी प्रियदर्शिनी ओट्यावर लॅपटॉप मांडून, डोके धरून बसली होती. पुण्याहून हे काम उभे करायला आलेली ही मुलगी. हैबती चहाचा कप घेऊन शेजारी टेकले.

“मॅडम, ती नेटवर्कची पेटी वजनकाट्याच्या छपरावर लावली. जागा कधी बघितलीत?”

“रविवारी, काका. निवांत मोजता आलं. एकेका टाकीपाशी उभी राहिले, सगळीकडे भरपूर रेंज.”

हैबतींना हसू आवरेना. “रविवारी माल सुटत नाय. आवारात गाडी एक नाय. तीनला येऊन बघा, दहा-बारा टँकर काट्याला रांगेनं लागतात. पाच नंबरला जायचं तर पोट आत घ्यायला लागतं मला.”

तिने डोक्याचे हात काढले. “म्हणजे मध्ये लोखंडाची भिंतच.”

“आमच्या वाडीत पलीकडच्या डोंगराला हाळी द्यायची तर अंगणातनं कोण देत नाय. खडकावर चढून देतात. तुमची पेटी अंगणात उभी हाय.”

“मग खडक कुठला तेही सांगा की!” स्वयंपाकघरातून नीलाबाई म्हणाल्या. “पोरीला कोड्यात कशाला ठेवता?”

“पाण्याची उंच टाकी हाय ना, बाई.”

पेटी त्या उंच टाकीवर चढवायची तर परवानगी, क्रेन, केबल, यांत तो दिवस गेला. शुक्रवारी दुपारी मोजून अकरा टँकर लागले. काट्यावरचा सोमा खिडकीतून ओरडला, “हैबतीनाना, चाललं तर साहेब होणार तुम्ही! मग ओळख दाखवाल ना आम्हाला?”

“आज तरी कुठं दाखवतो?”

तीन वाजले. सव्वातीन झाले. कंट्रोल रूमच्या पडद्यावर सातही आकडे दिसत होते, पण जागचे हलेनात, तसे मॅनेजरच साशंक झाले. “अडकलाय की काय पडदा?”

हैबती उठले. सहा नंबरची शिडी त्यांनी पायरीगणिक थांबत चढली, माप घेतले, चिठ्ठी लिहिली. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. चिठ्ठीतला आणि पडद्यावरचा आकडा एकच निघाला. मॅनेजरांनी चिठ्ठी खिशात ठेवली आणि म्हणाले, “बस. आता चढू नका.” तेवढ्यात पाच नंबरचा आकडा खाली सरकू लागला, पहिला टँकर भरायला घेतला होता.

शनिवारी संध्याकाळी हैबतींनी ओट्यावरून वाडीला फोन लावला. “राही, सोमवारपासून कायम दिवसपाळी. शिडी नाय. ये आता इकडं.”

“आणि शेळ्या कुणाच्या गळ्यात घालू?”

“जावेला सांग.”

पलीकडे तिने एका शेळीला हाकलले. मग राहीबाई म्हणाली, “उद्या येते चार दिवस. करमलं तर बघू.”

नीलाबाईंनी दिवा लावला, मग वही उघडली. तारखेखाली त्यांनी लिहिले: मागची खोली रिकामी होत नाही. उद्यापासून अर्धा लीटर दूध जास्त.