जाळ्या लागेपर्यंत भोंगा नाही

मी आमच्या घरातला पहिला बी. ए. दर्यापूरकडच्या खेड्यातून अमरावतीच्या कॉलेजात गेलो, तेव्हा आमच्याच गावच्या एका गृहस्थांनी मला आपल्या घरी ठेवून घेतलं. त्यांना मी काका म्हणे. पुढे ते अकोल्याला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनाचे मॅनेजर झाले आणि मला तिथे हजेरीबाबूची नोकरी दिली. त्यांचे उपकार मी आजही मानतो. तरी त्या दिवशी त्यांचं ऐकलं नाही, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

भोंगा वाजवायचं काम माझ्याकडे होतं. त्याशिवाय इंजिनवाला इंजिन सुरू करत नसे.

दसऱ्याला यंत्रांची पूजा होई. चाकांना कुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, म्हणून मिस्त्री चाकांवरच्या लोखंडी जाळ्या काढत. मग त्या भिंतीशी पडून राहत. नागपूरहून सरकारी इन्स्पेक्टर निघाल्याचं कळलं की लागत, तो परत गाडीत बसला की उतरत. साहेब कारखान्याची तारीफ करून जाई. यंत्रांवर कापूस टाकणाऱ्या बायांनाही जाळी नको असे. अडकलेला कापूस हातानं काढता येत नाही, रेचा, म्हणजे सरकी काढायचं यंत्र, मागे पडतो आणि मजुरी कमी होते. चालत्या चाकाखालून कापूस ओढणारीला बाकीच्या वाघीण म्हणत.

आता कुठलाही कारखाना पाहायला गेलो की मी जाळ्यांकडे नंतर बघतो. आधी विचारतो, इंजिन शेवटचं कोणी थांबवलं, आणि त्याला कोण काय बोललं.

त्या वर्षी हंगाम नुकताच लागला होता. रेच्यावर कापूस टाकताना एका बाईचा पदर चाकात गेला. शेजारणीनं तिला कवेत धरून मागे खेचलं. लुगडं फाटलं आणि दोघी रुईच्या ढिगावर पडल्या. इंजिनवाल्यानं इंजिन थांबवलं. पदर गेलेली बाई उठली, उरलेला पदर कमरेला खोचत म्हणाली, "जुनेर होतं म्हून वाचली. दसऱ्याचं नवं नेसली असती त फाटलं नसतं."



काका आले. देवीनं राखलं म्हणाले, नारळ फोडायला लावला आणि मला भोंगा द्यायला सांगितलं. मी म्हणालो, जाळ्या लागल्या की देतो. आधी ते हसले, पोराला कॉलेजचं वारं लागलं म्हणाले. मग बाहेर खोळंबलेल्या कापसाच्या बैलगाड्या दाखवल्या. शेवटी सगळ्यांसमोर त्यांच्या घरी जेवलेल्या अन्नाची आठवण दिली. ते खरं होतं, म्हणूनच लागलं. घरी सारे माझ्याच पगारावर होते.

"तुले शिकवलं कोनं?"

"तुमीच, काका. म्हून त बोलून राहिलो."

"आन नोकरी?"

"तेही तुमीच देली. घ्या वापस. पन भोंगा मी देत नाही."

काकांनी इंजिनवाल्याकडे पाहिलं. त्यानं बायांकडे पाहिलं. फाटक्या लुगड्याची बाई खाली बसली, तिच्यामागे बाकीच्याही बसल्या. एक वाघीण तेवढी उभी होती.

"बाबू, आमचं पोट तुह्या जाळीनं भरते का?"

"हात राहिला त भरन."

ती पुटपुटत बसली. शेवटी काकांनी मिस्त्र्यांना खूण केली, त्यांनी जाळ्या लावल्या आणि मी भोंगा दिला.

दुसऱ्या दिवशी भोंगा माझ्याकडून गेला. मला आवारात काट्यावर गाड्या तोलायला बसवलं. दिवाळीला काकांच्या पाया पडलो, पण माफी मागितली नाही.

पुढे एका दुपारी भर कामात इंजिन थांबलं. मी काटा सोडून धावलो. आत कोणालाही लागलं नव्हतं. रेच्याशी तीच वाघीण कमरेवर हात ठेवून उभी होती. काका तावातावानं आले, काय झालं म्हणून विचारू लागले.

"काही नाही झालं," ती म्हणाली. "जाळी हालून राहिली होती, म्हून म्याच थांबवाले लावलं. मिस्त्रीले कसू द्या, मंग चालू करा."

काकांनी मला आधी काट्यावर जायला फर्मावलं. मी गेलो नाही. जाळी कसून होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.