भाड्याच्या घरांचे रंगारीमामा

रहाटणीतल्या आमच्या सोसायटीत कुणी भाडेकरू घर सोडून गेला, की रंगारीमामा चाकणकडून स्कूटरवर यायचे. आधी भिंतीवरून तळहात फिरवायचे. प्रत्येक वाक्यानंतर ‘व्हय ना?’ विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागायचे.

त्या आठवड्यात सगळ्यांनी भाड्याच्या घरातल्या भुताचा एक सिनेमा पाहिला होता. पार्किंगमध्ये डबे खाताना चर्चा रंगली. वॉचमन म्हणाला, “राव, मी तर अर्ध्यातच बंद केला.” मला शेवट फसलेला वाटला. मामा म्हणाले, “मला न्हाई भ्या वाटलं. ती भूत झालेली बाई आपली माणसं हुडकती, आन् घरात दुसरीच ऱ्हात्यात. रडूच आलं मला. व्हय ना?”

सोसायटीतल्या भाडेकरूंच्या नोंदी माझ्याकडे असायच्या, म्हणून दुपारी त्यांनी मला खालच्या मजल्यावरच्या रिकाम्या घरात बोलावलं. तिथल्या भाडेकरूंची सहा वर्षांची मुलगी डेंग्यूने गेली होती आणि आईवडील लातूरला परतले होते. दाराशेजारी भिंतीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या.

“ह्यांच्यावर रंग कसा मारू?” मामा म्हणाले.

मग त्यांनी भिंतीला लांब कागद लावला, एकेक रेघ तारखेसकट त्यावर उतरवली आणि गुंडाळी माझ्या हातात दिली. “तुमच्याकडं पत्ता आसंल. धाडा,” एवढंच बोलून त्यांनी पाठ फिरवली आणि भिंत रंगवायला घेतली.

घरी येऊन मी कागद उलगडला. खालच्या काठावर वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘हे टोक फरशीला टेकवा.’