गुरूचे पट्टे आणि मंगळवेढ्याचा हुरडा

एसटीत चढले तेव्हा कॉलेजची दुर्बीण माझ्या मिठीत होती. उद्या ती परत द्यायची. सर म्हणाले होते, "गुरू ग्रहाचे पट्टे दिसतील असा फोटो आण, मग उन्हाळ्यापर्यंत ठेव. नाहीतर बाकीची पोरं थांबलीयत." सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या गच्चीवरून आठवडाभर धडपडले, पण प्रत्येक फोटोत गुरू म्हणजे कढईत फुगलेली पुरी. म्हणून निघाले मंगळवेढ्याला, मैत्रिणीच्या, स्वातीच्या शेतावर. अम्मी हसली, "वहाँ से नजदीक पडता क्या वो?"

कंडक्टरकाका थबकलेच. "तोफ हाय का काय ही?"

"दुर्बीण. ग्रहाचा फोटो काढायचाय."

"मग मांडीवर घे. वर ठिवलीस तर ग्रह सोड, काच बी दिसायची न्हाय."

स्टँडवर स्वाती आणि तिचे वडील ट्रॅक्टर घेऊन आले होते. गाव मागं पडलं आणि काळीभोर जमीन सुरू झाली. माझ्यापेक्षा उंच ज्वारी, आणि वर एवढं मोठं आभाळ की बघून बघून मान दुखली!

अंधार पडला तशी काकांनी बांधाच्या पूर्वेला आगटी (हुरडा भाजायचा गोवऱ्यांचा जाळ) पेटवली. "पावनी आली आन् हुरडा न्हाय, आसं हुतंय व्हय?" स्वातीच्या आईनं, काकूंनी, गरम कणसं तळव्यावर चोळली आणि हिरवे, गोड, लुसलुशीत दाणे माझ्या हातात ओतले. सोबत शेंगाचटणी. बोटं भाजत होती, मी खातच होते.

मग आगटीच्या बरोबर वर गुरू आला. दुर्बिणीला मोबाईल लावला, बघते तर काय, पुरीच! आगटीची गरम हवा वर चढत होती आणि गुरू तिच्यातून थरथरत होता. आता सांगू कसं? जाळ माझ्यासाठीच तर लावलेला! गप्प बसून व्हिडिओवर व्हिडिओ घेतले. सगळे फुकट. रडूच यायला लागलं.

"मला बी बघू दे की," म्हणत काकूंनी डोळा लावला. "आगं बया, हे तर उकळतंय!"

"आगटीमुळं, काकू," माझ्या तोंडून निसटलंच.

काका पोट धरून हसले. "आन् मगाधरनं गप हुरडा खातीस व्हय गं? इझवू का?"

"नको नको! हुरडा राहू दे!"

"मग आगटीच्या पलीकडं जा की, येडे," स्वाती म्हणाली.

पलीकडं दाट ज्वारी. पण मधे एक मोकळा तुकडा होता. दुपारी काकांनी माझ्या हुरड्यासाठी ज्वारीची ताटं कापली होती ना, तोच! तिथं दुर्बीण मांडली. आगटी आता पाठीशी. मी परत मोबाईल लावला.

दोन तपकिरी पट्टे! शेजारी चंद्रांचे ठिपके! मी अशी किंचाळले की वाड्यातल्या मेंढ्या ओरडायला लागल्या. काकूंनी परत बघितलं. "आता निवलंय बघ."

सकाळी लॅपटॉपवर नव्या व्हिडिओतली स्पष्ट चित्रं निवडून एकावर एक रचली आणि फोटो तयार झाला. सोलापुरात उतरले ती थेट सरांकडे. सरांनी फोटो मोठा करून पट्टे बघितले. मग दुर्बिणीची पिशवी हुंगली. "धुराचा वास? ठेव उन्हाळ्यापर्यंत. तोवर वास तरी जाईल."

संध्याकाळी गच्चीवर नेहमीच्या कठड्याजवळ दुर्बीण लावली, सहज खाली बघितलं आणि कपाळावर हात मारला. समोरच बेकरीच्या भट्टीचं धुराडं! पावाचा वास जन्मापासून रोज येतो, म्हणून भट्टी आहे हेच विसरले होते. आठवडाभर तिच्या डोक्यावरून गुरू बघत होते! दुर्बीण उचलून पाण्याच्या टाकीपलीकडं नेली आणि अम्मीला हाक मारली.

अम्मीनं डोळा लावला. "अगे, पट्टे!" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "यहीं से दिखता था, तो मंगळवेढे कायकू गई थी?"

मी काकूंनी बांधून दिलेला हुरडा तिच्या हातावर ठेवला.